वजनवीर 'येतो' म्हणाला

४ मार्च

बारक्या,

प्रिय-बिय नंतर बघू. आधी सांगते, सगळं ठीक आहे, कोणी गेलेलं नाही. एकवीस वर्षांनी बहिणीचं पत्र आलं की माणूस आधी वाईट बातमी शोधतो, म्हणून हे पहिल्याच ओळीत. तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही. तुझ्या कंपनीचा आहे, 'वज्रवीर'च्या अंकात शेवटच्या पानावर तळाला छापतात तो. काय ती अक्षरं रे! यंत्राने काढलेली, सगळी एका मापाची, आणि अनुस्वार म्हणजे कागदावर माशी बसून गेलेली. तुमच्याकडे हाताने अक्षर काढणारं एकही माणूस उरलेलं नाही का? असो. भांडायला पत्र लिहीत नाहीये.

मागच्या मंगळवारी बेल वाजली. दारात पस्तिशीची बाई, जाड चष्मा, काखेत फाइल. मला वाटलं काहीतरी गळ्यात मारायला आली. तर म्हणते, "फुगेवाली तुम्हीच ना?"

अरे, या नावाने मला कोणी हाक मारून किती वर्षं झाली! खालच्या मजल्यावरच्यांना वाटतं मी निवृत्त शिक्षिका आहे. मी म्हटलं, "हो, मीच. 'उलटा सदरा' मासिकात अठरा वर्षं चित्रातल्या माणसांच्या तोंडचे फुगे मीच लिहिले. आत या, उभ्या का?" आवाज जरा चढलाच असेल माझा, कारण समोरचं दार उघडलं.

या चष्मेवालीचं छोटंसं प्रकाशन आहे. तिला आपला वजनवीर पुस्तकात आणायचाय. सगळा. दोनशे अठरा पानं. आपल्या संपादकांनी, म्हणजे लाल पेनने, सगळे अंक बांधून ठेवले होते आणि त्यांच्या मुलीने ते हिच्या हवाली केले. लाल पेन सहा वर्षांपूर्वी गेले. तुला कळलं असेल, नसेल. मी म्हटलं, "पोरी, तुझ्या जन्माच्या वेळची ही चित्रं, तुला कशाला हवीत?" तर म्हणाली, लहानपणी वडील तिला वजनवीर वाचून दाखवायचे आणि वाचताना इतके हसायचे की शेवटची चौकट तिला कधी धड ऐकायलाच मिळाली नाही. आता सगळ्या शेवटच्या चौकटी एकत्र बघायच्यात, म्हणाली.

मग मलाच प्रश्न विचारायला लागली. मी कशाला मागे राहते! म्हटलं, त्या काळात जिथे तिथे वज्रवीर. चौकोनी जबडा, पाठीवर झगा, आभाळातून उतरायचा आणि प्रत्येक अंकात तेच, "घाबरू नका, मी येतो!" आम्ही त्याची टिंगल काढली. आमचा वजनवीर. पोट पुढे, चड्डी वर ओढलेली, पाठीवर आमच्या आईचा दारावरचा पडदा, तोही कड्यांसकट, त्यामुळे लपून बसला तरी खळखळ वाजायचा. लोक म्हणायचे वाचवा, की हा पठ्ठ्या एक पाय खिडकीबाहेर टाकून नम्रपणे म्हणायचा, "येतो!" आणि सटकायचा. घरातून निघताना आपण म्हणतो ना, तसं. संपला विनोद. त्या एका शब्दावर अठरा वर्षं गाडी चालली.

तिला मी सांगितलं, तुलाही सांगते, कारण तू तिकडे दूर बसून वज्रवीराचे दंड रंगवत असतोस, तुला काय कळणार. आपण दोघांनी भाषेत भर घातलीय, बारक्या. चष्मेवालीच्या कचेरीत एक नवा चित्रकार आहे. त्याने वजनवीर कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही, ते चित्र होतं हेच त्याला ठाऊक नाही. तरी परवा म्हणाला, "लिफ्टवाल्याने वजनवीर केला, दोन दिवस येतो येतो म्हणतोय." नव्या शब्दकोशातसुद्धा घेतलाय: 'वजनवीर, पुल्लिंगी, मदतीला येतो म्हणून पळ काढणारा.' कापून भिंतीला लावलंय मी ते. शेजारीण म्हणाली, हे काय. म्हटलं, आमचा मुलगा.

आता मुद्दा. पुस्तकाच्या पहिल्या पानावर तीन ओळी जायच्यात. चित्रं, अक्षरं, कल्पना. चित्रं तुझी, अक्षरं माझी. तिसऱ्या ओळीवर तिचं पेन थांबलं. "तो पहिला 'येतो' कोणाच्या डोक्यातून निघाला?" मी म्हटलं, सांगते पुढे.

सोबत संमतीचा कागद आहे. सही कर आणि पाठव. बाकी एक शब्द लिहिला नाहीस तरी चालेल. तिसऱ्या ओळीपुढे काही लिहायचं असेल तर लिही.

ताई

२९ मार्च

बारक्या,

कागद मिळाला. सही मिळाली. तीच, 'ब'चं पोट गच्च भरलेली. पाकीट उलटंपालटं करून झाडलं, दुसरं काही पडलं नाही. बरोबरच आहे, मीच म्हटलं होतं चालेल म्हणून.

पण तिसऱ्या ओळीपुढे तू लिहिलंयस, 'ताईला विचारा.'

म्हणजे काय? टोमणा आहे का हा? की उपकार? दोन शब्दांत कोड्यात टाकायची तुझी सवय जुनी. आईसुद्धा म्हणायची, या पोराच्या पोटात काय असतं ते पोटालाच माहीत. ठीक आहे. मला विचारा, तर मग ऐक.

त्या पहिल्या 'येतो'च्या दिवशी पान दुपारी चार वाजता छापखान्यात जायचं होतं, आणि तू दीड वाजेपर्यंत चित्रच काढत होतास. म्हणून मी संवाद वेगळ्या कागदावर लिहायची, कापायची आणि गोंदाने चित्रावर डकवायची. सहा चौकटींचं पान. आधी ठरलेला विनोद आठवतोय ना? पहिल्या चौकटीत फोन वाजतो, पलीकडून आवाज, आग लागली! वजनवीर म्हणणार, "येतो!" आणि शेवटच्या चौकटीत त्या जळत्या घराच्याच खिडकीत त्याचा पडदा अडकलाय, एक पाय आत एक बाहेर, घरातली माणसं बघतायत, आणि तोच ओरडणार, "वाचवा!" ठीकठाक. अशा विनोदाला लोक नाकातून हसतात.

छापून आलं तेव्हा फुगे उलटे होते. फोनवर कोणीतरी म्हणतंय आग लागली, आणि वजनवीर ओरडतोय, "वाचवा!" आणि शेवटी जळत्या घरातली माणसं त्याच्याकडे बघतायत, आणि तो एक पाय खिडकीबाहेर टाकून म्हणतोय, "येतो!" लाल पेन स्वतः खोलीतून बाहेर आले, डोळे पुसत. त्यांना मी तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं. "कोणाचं हे डोकं?" तू माझ्याकडे पाहिलंस, मी तुझ्याकडे. पुढच्या आठवड्यात वाचकांची पत्रं पोत्यातून आली, आणि मग विचारायची गरजच उरली नाही.

ते फुगे मी मुद्दाम बदलले होते. वर्तमानपत्राच्या मुलाखतीत मी तेच सांगितलं आणि आजही तेच सांगते.

पण ती मुलाखत काढायच्या आधी मासिकाचा समारंभ काढ. लाल पेन मंचावर उभे. आधी माझं नाव घेतलं. "आमच्या फुगेवालीच्या हातून अठरा वर्षांत एका वेलांटीचीही चूक झाली नाही!" काय टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत, मान अशी ताठ. आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस होता तो माझा, खोटं कशाला बोलू. आणि पुढच्याच श्वासाला त्यांनी माइक तुझ्यापुढे धरला. "आणि तो पहिला 'येतो' कसा सुचला?" तू घसा खाकरलास आणि म्हणालास, "दात घासताना सुचलं."

दात घासताना! पहिल्या रांगेत बसून मी ते ऐकलं. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.

मग आठ दिवसांनी माझी मुलाखत आली, त्यात मी माझी बाजू मांडली, आणि त्या सकाळी तू पेपर टेबलावर ठेवलास, बॅग उचललीस आणि दारात म्हणालास, "जातो." आपल्या घरात हा शब्द कोणी काढला होता कधी? शाळेत जाताना चुकून म्हटलंस तरी आई धपाटा घालून परत आत घ्यायची आणि 'येतो' म्हणून घेऊन मगच सोडायची. आई नव्हती तेव्हा, म्हणून बरं. मी म्हटलं, जा. महिन्याभराने कळलं की वज्रवीरवाल्यांनी तुला नोकरी दिली. ज्याची आपण अठरा वर्षं टिंगल केली त्याचीच चाकरी! हसावं की रडावं.

शुक्रवारी चष्मेवाली येणार आहे. 'कल्पना: फुगेवाली' असं लिहून द्यायचं मी ठरवलंय. तूच म्हणालास ना, ताईला विचारा.

ताई

१२ एप्रिल

बारक्या,

शुक्रवारी चष्मेवाली आली, चहा प्यायली, गेली. तिसरी ओळ मी दिली नाही. डोकं दुखतंय म्हटलं. दुखत नव्हतं.

कारण असं झालं की गुरुवारी मी कोपऱ्यावरच्या स्टॉलवरून 'वज्रवीर'चा नवा अंक आणला. आता कपाळाला हात लावू नकोस, मी दर महिन्याला आणते. पहिला अंक तुझं काम किती वाईट आहे ते बघायला आणला होता. वाईट नव्हतं. दुसरा खात्री करायला आणला. मग सवय लागली. दोनशे एक्केचाळीस अंक आहेत कपाटात, एकही चुकलेला नाही. स्टॉलवाला मला नातवंडांची आजी समजतो. मी समजू दिलं.

तर या अंकात, पान चौदा. वज्रवीर उडतोय, मागे उंच इमारत, तिला शंभर तरी खिडक्या. एका खिडकीला पडदा. मला वाटलं, हा कुठे पाहिलाय? भिंग आणलं. पडद्याला कड्या. मोजल्या. अकरा.

आईच्या पडद्याला बारा होत्या. बारावी, मी स्टुलावर उभी राहून तुझ्यासाठी वजनवीर झाले होते तेव्हा तुटली. पोटाला उशी बांधलेली, पाठीवर पडदा, एक पाय खिडकीच्या कट्ट्यावर, आणि तू म्हणत होतास, "ताई, आणखी थोडी लाचार दिस ना." मी पडद्याच्या दांड्यासकट खाली. आई धावत आली ती मला लागलं का बघायला नाही, पडदा बघायला. तेव्हापासून तू वजनवीराच्या पडद्याला अकराच कड्या काढल्यास. कोणाच्या लक्षात आलं नाही. फक्त मला माहीत.

कपाटातले सगळे अंक मी जमिनीवर मांडले. गुरुवार गेला, शुक्रवारी चष्मेवाली येऊन गेल्यावर पुन्हा बसले, शनिवारीही. प्रत्येक अंकात आहे. प्रत्येक! दवाखान्याच्या दारावर, जहाजाच्या खिडकीत, एका अंकात तर राक्षसाच्या गुहेला पडदा लावलायस. गुहेला पडदा कोण लावतं रे गाढवा? तिथे मी एकटीच जमिनीवर बसून इतकी हसले की खालच्या बाई वर आल्या, काय झालं म्हणून.

वीस वर्षं वज्रवीराच्या घरात राहून तू वजनवीर सांभाळलास, त्यांच्या नाकावर टिच्चून. आणि मी इथे सगळ्यांना सांगत फिरले की माझा भाऊ विकला गेला. मला तुझा इतका अभिमान वाटला, बारक्या, की मी उठून आरशात पाहिलं, अशा माणसाची बहीण कशी दिसते ते.

तुझा तो वज्रवीर हल्ली 'मी येतो' म्हणत नाही, हेही पाहिलंय मी. 'मी आहे' म्हणतो. चष्मेवालीने शोधून काढलं, आपलं पान गाजल्यावर दोन वर्षांतच त्यांनी ते वाक्य काढून टाकलं. का, तर पोरं वाचताना नेमकी तिथेच हसायची. एवढा पहाड उचलणारा माणूस, त्याच्या तोंडचा शब्द आपण काढून घेतला. आणि कोणी केलं हे? आईच्या पडद्याने आणि दोन आण्याच्या गोंदाने.

गोंदावरून आठवलं. आता लिहिते, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही.

मी मुद्दाम बदलले नव्हते. पावणेचार झाले होते, तू दारात पाकीट धरून उभा, "ताई, चल, चल." दोन फुगे हातात, दोन्ही एका मापाचे, पाठीला गोंद. याचा तिकडे आणि त्याचा इकडे लागला. छापून आलं तेव्हा मला दिसलं. मी जाऊन कचेरीच्या न्हाणीघरात कडी लावून बसले. बाहेर हसणं ऐकू आलं तेव्हा मला वाटलं, मलाच हसतायत. नोकरी गेलीच असं समजून मी तोंडावर पाणी मारून बाहेर आले, तर लाल पेन विचारतायत, कोणाचं डोकं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मी गप्प बसले, आणि एकदा गप्प बसलं की दुसऱ्या दिवशी बोलणं आणखी अवघड होतं. आणि मग ते 'बिनचूक' चिकटलं मला. मला आवडायचं ते. दुसरं काय होतं माझ्याकडे? लोक चित्र बघायचे, अक्षर कोण बघतं. अक्षर बरोबर असलं तर कोणाला दिसत नाही, चुकलं तरच दिसतं. माझं अठरा वर्षं दिसलं नाही, हाच माझा सगळा मोठेपणा होता.

आणि मुलाखतीत मी म्हणाले होते, "भाऊ काय, रेघा ओढतो. रेघा कोणीही ओढतं." ते मागच्या पत्रात मी गाळलं. 'बाजू मांडली' म्हटलं. बाजू कसली, मी तुला लोकांपुढे कापलं. ते खोटं होतं. असल्या रेघा कोणालाही येत नाहीत. मला तर सरळ रेघसुद्धा पट्टीशिवाय येत नाही.

दात घासतानाचं मला अजून समजलेलं नाही. ते तुझं तू सांग, नाहीतर नको सांगू. मी माझं सांगितलं.

ताई

२० मे

प्रिय बारक्या,

चार पानं लिहिलीस! दोन्ही बाजूंनी! पोस्टमन म्हणाला, जाड पाकीट आहे आजी. म्हटलं, माझ्या भावाचं आहे, वजन असणारच.

तीनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्यानेच. तू लिहिलंयस ते मी इथे परत उतरवते, कारण मला माझ्या अक्षरात बघायचंय.

'ताई, पान छापखान्यात मीच घेऊन गेलो होतो. बसमध्ये पाकीट उघडून पाहिलं. फुगे उलटे लागलेले दिसले. गोंद ओलाच होता, नखाने निघाला असता, आणि माझ्याकडे वेळही होता. पण मला हसू आलं. शेजारच्या माणसाला दाखवलं, तो आधी हसला आणि मग म्हणाला, अगदी आमच्या साहेबांसारखा आहे. मग मी पाकीट बंद केलं.'

मेल्या! चाळीस वर्षं तुला माहीत होतं!

'समारंभात लाल पेननी तुला बिनचूक म्हटलं. टाळ्या वाजत होत्या, तुझी मान बघत होतो मी. आणि लगेच मला विचारलं, कसं सुचलं. ताईची चूक होती म्हणून सांगू? तिथे? जे पहिलं तोंडात आलं ते बोललो. तुझ्याकडे बघितलं असतं तर मला खोटं बोलता आलं नसतं. घरी येऊन सांगणार होतो, पण तू आठ दिवस बोललीच नाहीस, आणि मग पेपर आला.'

इथे मी पत्र खाली ठेवलं. लाज वाटली, सरळ सांगते. एकवीस वर्षं मी तुला चोर म्हटलं, आणि तू माझी मान ताठ राहावी म्हणून ते खोटं बोलला होतास. मलाच ते दिसलं नाही. बिनचूक म्हणे!

आणि मग तुझं शेवटचं पान.

'"जातो"चं म्हणशील, तर मी "येतो" म्हणणार होतो. तोंडापर्यंत आला होता. पण त्या शब्दाची आपण काय वाट लावून ठेवली होती, ताई? गावात कोणाला सरळ तोंडाने "येतो" म्हणता येत नव्हतं. मी बॅग घेऊन दारात उभा राहून म्हटलं असतं, तर तू हसली असतीस. किंवा मीच हसलो असतो. मला त्या दिवशी हसायचं नव्हतं. दुसरा शब्द माझ्याकडे नव्हता.'

मी हसलेच असते, बारक्या. मला ठाऊक आहे. रागाने का होईना, हसलेच असते. एवढा चांगला शब्द, आईने धपाटे घालून शिकवलेला, आपण त्याचं हसं केलं, आणि नेमका आपल्यालाच तो लागला तेव्हा वापरता आला नाही. याला काय म्हणावं. तरी मला त्या विनोदाचा पश्चात्ताप नाही, एवढासाही नाही. मोठमोठ्या खुर्चीतली माणसं आजही लोकांपुढे 'मी स्वतः येतो' म्हणतात आणि मागच्या रांगेत कोणीतरी खुसकन हसतं. त्या हसण्यात आपण दोघं आहोत. ते मी कोणाला परत देणार नाही.

काल चष्मेवालीला बोलावून तिसरी ओळ दिली. तिने दोनदा विचारलं, "नक्की? हे छापलं की कायमचं." मी म्हटलं, पोरी, मला माहीत आहे छापलं की काय होतं. मीच माझ्या हाताने लिहून दिलंय, यंत्राने नाही, बोरूने, तसंच्या तसं छापणार आहेत:

चित्रं: बारक्या.
अक्षरं: फुगेवाली.
कल्पना: फुगेवालीची चूक, आणि बारक्याने न केलेली दुरुस्ती.

ती वाचून हसायला लागली, मग चष्मा काढून पुसला. म्हणाली, वडील असते तर इथेच अडकले असते, पुढचं पान उलटलंच नसतं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुस्तक येतंय, आणि तू लिहिलंयस की सुट्टी मिळाली तर बघतो. बघतो काय! बासष्ट वर्षांचा झालास, सुट्टी कसली मागतोस? वज्रवीराला सांग, आठ दिवस पहाड स्वतःच उचल.

आणि हो, चित्र. पाकिटात अगदी तळाशी होतं, आधी दिसलंच नाही. वजनवीर म्हातारा झालाय, टक्कल पडलंय, पोट आणखी खाली आलंय, हातात बॅग. आपल्याच दारात उभा आहे आणि पडदा कडीत अडकलाय. अकरा कड्या, मोजल्या मी. वर फुगा, रिकामा. खाली लिहिलंयस, 'अक्षरं तुझी.'

दोन दिवस तो फुगा बघत होते. 'येतो' लिहावं तर सटकला. 'जातो' तर मेले तरी लिहिणार नाही. शेवटी आज सकाळी शाई काढली, वेगळ्या कागदावर लिहिलं, कापलं. 'आलो.' 'ल'चा काना जरा तिरका गेला. राहू दिला.

फुगा अजून चिकटवलेला नाही. टेबलावर सुटा ठेवलाय, शेजारी गोंदाची बाटली. कुठे चिकटवायचा ते तू येऊन चिकटव. माझ्या हातावर भरवसा ठेवायचे दिवस गेले, आता तर ते पुस्तकात छापून येतंय.

आणि आठ दिवस राहून तू परत निघशीलच, तुझं घर तिकडे आहे, मला कळतं. तेव्हा बॅग उचल, दारात उभा राहा, आणि आईने शिकवला तसा मोठ्याने, स्पष्ट म्हण, "येतो."

मी हसणार नाही.

तुझी
ताई